हॉटेलच्या किचनचं सामान घेताय? सर्टिफिकेट कधी, कोणतं आणि कसं तपासायचं

"सर्टिफिकेट आहे ना?" असं विचारलं की विक्रेता म्हणतो, "आहे की, सगळं आहे." बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. यंत्र येतं, बसतं, आणि सहा महिन्यांनी विम्याचा सर्व्हेयर फाइल मागतो. फाइलमधून निघतं काय, तर आयएसओ ९००१ ची रंगीत झेरॉक्स, उद्यम नोंदणी आणि जीएसटीचा दाखला. तिन्ही कागद खरे असतात. पण यंत्र सुरक्षित आहे असं त्यातला एकही म्हणत नाही.

गडबड होते ती क्रमात. लोक आधी यंत्र पसंत करतात, मग भाव पाडतात, मग ॲडव्हान्स देतात आणि शेवटी कागद मागतात. तोवर आपल्या हातात काही उरलेलं नसतं. म्हणून खाली कागद आधी आहेत आणि पैसे नंतर. मेस, खानावळ, केटरिंग, पोळी-भाजी केंद्र, क्लाउड किचन एवढ्यांना हे पुरतं. मोठ्या हॉटेलांकडे या कामाला सल्लागार असतात.

## तयारी: दुकानात जाण्याआधी एक वही

घ्यायच्या प्रत्येक वस्तूपुढे चार प्रश्न लिहा.

- चालतं कशावर? सिलिंडरचा गॅस, पाइपचा गॅस, वीज की वाफ?
- फिरणारा किंवा कापणारा भाग आहे का?
- अन्न थेट कुठल्या भागाला लागतं?
- रोज पाइपने पाणी मारून धुतलं जाणार का?

उदाहरणार्थ, कणीक मळायचं यंत्र: वीज, फिरणारा हात, अन्न थेट भांड्याला लागतं, संध्याकाळी धुतलं जातं. म्हणजे चारही प्रश्नांना उत्तर आहे. बाजूच्या वर्किंग टेबलाला फक्त तिसरा प्रश्न लागू. वही नसली की माणूस टेबलाच्या स्टीलवर तासभर घासाघीस करतो आणि कणीक मळायच्या मशीनला जाळी आहे का, हे विचारायचं विसरतो.

तपासा: पाइपच्या गॅसवर जायचा विचार असेल तर तो आत्ताच लिहून ठेवा. सिलिंडरसाठी बनलेल्या बर्नरचं जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्र) पाइपच्या गॅसला चालत नाही, आणि शेगडीचं मानकही वेगळं आहे: घरगुती एलपीजी शेगडीला आयएस ४२४६, पाइपच्या नैसर्गिक गॅसवरच्या घरगुती शेगडीला आयएस १७१५३.

## पायरी १: कोणता शिक्का कशाबद्दल बोलतो ते समजून घ्या

आयएसआय. हा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का. त्याचे तीन भाग असतात: वर मानकाचा आयएस क्रमांक, मध्ये आयएसआयची खूण, खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. यातला एक भाग नसला तरी शिक्का अर्धवट. नुसती मधली खूण तर स्टिकरवाला शंभर रुपयांत छापून देतो.

'आर' क्रमांक. मायक्रोवेव्हसारख्या काही वस्तूंना बीआयएसची वेगळी नोंदणी लागते. तिथे सीएम/एलऐवजी 'आर' ने सुरू होणारा क्रमांक असतो. दोन्हींची पडताळणी ॲपमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी होते.

तारे. बीईईचे, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे, तारे वीज किती लागेल ते सांगतात. पाच ताऱ्यांचा फ्रीजर शॉक देणार नाही, असा त्याचा अर्थ नाही.

आयएसओ ९००१. हे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, वस्तूचं नाही. "मशीन आयएसओ सर्टिफाइड आहे" हे वाक्यच चुकीचं.

एफएसएसएआय. ही देशाची अन्न सुरक्षा संस्था. तिचा परवाना तुमच्या अन्नव्यवसायाला मिळतो. भांडी-यंत्रं विषारी नसलेल्या साहित्याची आणि सहज धुता येणारी हवीत, अशी अट तिच्या परवान्याच्या नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये आहे. ती पाळायची जबाबदारी तुमची. "एफएसएसएआय अप्रूव्ह्ड ग्राइंडर" असं कोणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा.

सीई. हा युरोपचा शिक्का. बऱ्याच वस्तूंवर तो उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. गॅसच्या उपकरणांचं मात्र तसं नाही. तिथे बाहेरच्या अधिकृत संस्थेची तपासणी लागते आणि सीईशेजारी त्या संस्थेचा चार अंकी क्रमांक असतो. आयात केलेल्या गॅस रेंजवर नुसतंच सीई दिसलं तर तो क्रमांक कुठे आहे ते विचारा.

एनएसएफ, यूएल, ईटीएल. ही अमेरिकेकडची मंडळी. एनएसएफची खूण मुख्यतः स्वच्छतेबद्दल बोलते: अन्न अडकेल अशा फटी नाहीत ना, साहित्य धुण्याजोगं आहे ना. यूएल आणि ईटीएल विजेच्या आणि आगीच्या सुरक्षिततेबद्दल. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. नातेवाईक तिकडे वडापावचं दुकान काढणार असतील आणि इथून वेट ग्राइंडर पाठवायचा विचार असेल, तर आधी त्यांच्या आरोग्य खात्याला काय चालतं ते विचारायला सांगा. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. कागदाआधी मोटरच अडेल.

सावधान: आयएसआय कोणत्या वस्तूंना सक्तीचं, ही यादी वाढत चालली आहे. घरगुती आणि व्यावसायिक विद्युत उपकरणांसाठीच्या आदेशाच्या तारखा एकदा नव्हे, अनेकदा पुढे सरकल्या आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी मित्राने काय घेतलं ते कामाचं नाही. खरेदीच्या आठवड्यात बीआयएसच्या संकेतस्थळावर यादी पाहा.

## पायरी २: कोटेशन मागतानाच कागद मागा, लेखी

फोनवर नको. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर, साध्या भाषेत:

"नमस्कार. सोबतच्या यादीतल्या प्रत्येक यंत्रासाठी कोटेशनसोबत हे पाठवा: १) नेमप्लेटचा फोटो, मॉडेल क्रमांक वाचता येईल असा. २) आयएसआय असल्यास सीएम/एल क्रमांक. ३) टेस्ट रिपोर्ट असल्यास सगळी पानं, फक्त पहिलं नको. ४) अन्नाला लागणाऱ्या स्टीलचा ग्रेड, बिलावर लिहून द्याल का? यातलं जे नाही, तिथे 'नाही' लिहा."

शेवटची ओळ महत्त्वाची. बरेच चांगले स्थानिक उत्पादक प्रामाणिकपणे 'नाही' लिहितात, आणि त्यांच्याशी पुढचं बोलणं सोपं जातं. तीन दिवस गप्प बसून "साहेब, माल एकदम ए-वन आहे" एवढंच पाठवणाऱ्याचं नाव मी खोडतो.

## पायरी ३: क्रमांक पडताळा

इथे दहा मिनिटं लागतात आणि इथेच सगळे घाई करतात.

१. फोनवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या. परवाना तपासायच्या जागी सीएम/एल क्रमांक टाका.

२. परवाना चालू आहे का ते पाहा. मुदत संपलेला किंवा थांबवलेला परवाना असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

३. उत्पादकाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता नेमप्लेटशी जुळवा. परवाना ठरावीक कारखान्याला, ठरावीक मानकासाठी मिळतो. एकाच कंपनीच्या दुसऱ्या गावातल्या शेडमध्ये बनलेल्या मालाला तो आपोआप लागू होत नाही.

४. आयएस क्रमांक कोणत्या वस्तूचा आहे ते पाहा. लोक ही पायरी सोडतात.

५. परवान्यात कोणते प्रकार, मापं, बर्नरची संख्या येते ते वाचा. तुमचं मॉडेल त्यात बसतं का?

एका मेसवाल्या ताईंसाठी तीन बर्नरची मोठी रेंज पाहत होतो. पुढच्या पट्टीवर आयएसआय ठसठशीत, क्रमांकही पूर्ण. ॲपमध्ये टाकला तर परवाना खरा, चालू, कंपनीही तीच. फक्त मानक होतं आयएस ४२४६, म्हणजे घरगुती शेगडीचं. ती कंपनी घरगुती शेगड्या रीतसर बनवत होती आणि तोच क्रमांक भट्टीवर चिकटवत होती. विक्रेता म्हणाला, "आयएसआय म्हणजे आयएसआय, त्यात घरगुती-कमर्शियल काय?" फरक दाबाचा आहे. घरगुती शेगडीची चाचणी साध्या रेग्युलेटरच्या दाबावर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरवर होते. हाय प्रेशर बर्नरला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. घरगुती वस्तू त्या लाइनला जोडली की शिक्क्याचा अर्थ संपतो.

मिक्सरचंही तसंच. घरगुती मिक्सरच्या नेमप्लेटवर '३० मिनिटे' असं रेटिंग दिसतं. सकाळी चार तास चटणी वाटायची असेल तर त्यावरचा अस्सल आयएसआयही तुमच्या कामाचा नाही.

टेस्ट रिपोर्ट वाचताना: रिपोर्ट आणि प्रमाणपत्र एक नव्हे. प्रयोगशाळा तिच्या हातात आलेल्या एका नमुन्याबद्दल बोलते आणि तसं रिपोर्टात लिहूनही देते. तेव्हा मॉडेल क्रमांक, मानक, तारीख आणि प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता पाहा. त्या मान्यतेच्या यादीत ही चाचणी आहे का, हेही बघा. तांदळाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेने मोटरचा दाखला दिलेला मी पाहिला आहे.

तपासा: प्रत्येक क्रमांकाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. उद्या परवाना बंद झाला तरी तुम्ही घेतला त्या दिवशी काय दिसत होतं, याचा पुरावा राहतो.

## पायरी ४: फॅब्रिकेटरकडून बनवून घेत असाल तर

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या किचनमधलं अर्धं सामान असंच येतं. डोसा तवा, दोन बर्नरची चायनीज रेंज, तेलाची कढई-भट्टी, बॅन मॅरी (गरम पाण्यावर जेवण गरम ठेवणारं काउंटर), सगळं एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये मापाने बनतं. अख्ख्या वस्तूला शिक्का मिळणार नाही, हे मान्य करून टाका. मग भागांचे शिक्के मागा आणि ते ऑर्डरवर लिहून घ्या.

गॅसची वस्तू. रबरी नळी आयएस ९५७३ ची, नळीवर उत्पादनाचं वर्ष छापलेलं. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय प्रत्येक बर्नरला. फॅब्रिकेटर याला 'एफएफडी' म्हणतात आणि "कोणी लावत नाही हो" असंही म्हणतात. लावायला सांगा. भाताचं आधण उतू जाऊन बर्नर विझतो आणि गॅस चालूच राहतो, हे प्रत्येक किचनमध्ये कधी ना कधी घडतं. वरच्या खर्चाची घासाघीस दुसरीकडे करा.

विजेची वस्तू. वायर आयएस ६९४ ची, स्विच आणि थर्मोस्टॅट ब्रँडचे, आणि अर्थची वायर बॉडीला स्क्रूने बसवलेली, नुसती गुंडाळलेली नको. इलेक्ट्रिक फ्रायरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय दुसरा एक कटआउट हवा, तो पडला की हाताने दाबल्याशिवाय पुन्हा चालू न होणारा. थर्मोस्टॅट चिकटला तर तेल पेटण्याआधी थांबवणारं दुसरं काही नसतं.

फिरणारी वस्तू. जाळी उघडली की मोटर थांबली पाहिजे. लाल रंगाचं आणीबाणीचं बटण हाताच्या अंतरावर हवं. आणि लाइट जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. शेडमध्येच करून पाहा: मशीन चालू करा, मेन बंद करा, पुन्हा चालू करा. फिरायला लागलं तर ऑर्डर तिथेच थांबवा. भांड्यात हात घालून कणीक काढणारा पोऱ्या डोळ्यांसमोर आणा.

पाण्याखाली येणारी वस्तू. नेमप्लेटवर 'आयपी' आणि दोन अंक असतात. दुसरा अंक पाण्याचा: ४ म्हणजे उडणारं पाणी सोसेल, ५ म्हणजे पाइपची धार सोसेल. जमिनीवरचं यंत्र रोज पाइपने धुणार असाल तर ५ मागा, नाहीतर धुण्याची पद्धत बदला.

स्टील. इथे लोहचुंबक घेऊन जाणारे हुशार लोक हमखास फसतात. ३०४, २०२, ४३० हे स्टेनलेस स्टीलचे ग्रेड. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण २०२ लाही चिकटत नाही, आणि स्वस्तात खपवलं जातं ते २०२ च. उलट ३०४ चा पत्रा वाकवला की कोपऱ्यात चुंबक थोडं चिकटतं, आणि माणूस चांगला माल परत पाठवतो. ४३० ला तर पूर्ण चिकटतं आणि तेही अन्नाला चालतं. तेव्हा चुंबक घरी ठेवा. पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट (स्टीलच्या कारखान्याचा तपासणी दाखला) मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या घाणीचा क्रमांक, पाहा, आणि बिलावर '३०४' लिहून घ्या. टेबलाच्या पायांना २०२ चाललं तरी चालतं. लोणचं, चिंच, टोमॅटो, मीठ जिथे लागतं तिथे नको. तयार भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे स्टीलचं आणि आयएस १६६० हे ॲल्युमिनियमचं मानक आहे.

सावधान: इडलीसाठी किंवा भातासाठी वाफेचा वेगळा 'बॉयलर' घेत असाल तर थांबा. क्षमता २५ लिटरपेक्षा कमी, किंवा दाब १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बॉयलरचा कायदा लागत नाही. दोन्ही आकडे त्याच्यावर गेले तर तो फॅब्रिकेटरचा विषयच राहत नाही. राज्याच्या बाष्पके संचालनालयाची नोंदणी लागते. दोन्ही आकडे लेखी घ्या.

## पायरी ५: आता ॲडव्हान्स

पर्चेस ऑर्डरवर तीन गोष्टी हव्यात: मॉडेल क्रमांक, पायरी ३ आणि ४ मध्ये ठरलेल्या खुणा व भाग, आणि "नेमप्लेट जुळली नाही तर माल परत" ही ओळ. शेवटचे २० टक्के तरी माल बसवून झाल्यावर द्या. यावर फार वाद होत नाही.

## पायरी ६: माल उतरताना

टेम्पोवाला घाईत असतो. त्याला चहा पाजा. नेमप्लेट आणि ऑर्डरवरचा मॉडेल क्रमांक जुळवा, व्होल्टेज, फेज आणि वॅट पाहा. नेमप्लेट रिव्हेट केलेली किंवा कोरलेली असावी. नखाने कोपरा उचलून पाहा. एकदा स्टिकरखाली दुसऱ्याच कंपनीचं स्टिकर निघालं होतं. सहीच्या डिलिव्हरी चलानावर "तपासून घेतले" लिहिण्याआधी फोटो काढा.

## पायरी ७: जोडणी

चांगलं यंत्र वाईट जोडणीत धोकादायकच असतं, आणि या पायरीचे कागद वेगळेच असतात.

गॅस. व्यवसायाला व्यावसायिक सिलिंडरच, बहुधा १९ किलोचा. १४.२ किलोचा घरगुती वापरणं बेकायदा आहे. एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी विनापरवाना ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच. सहावा आला की पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा, परवाना लागतो. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरची मांडणी आयएस ६०४४ प्रमाणे: उभे, हवेशीर जागी, तळघरात कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. म्हणून गळती ओळखणारा सेन्सरही जमिनीजवळ लागतो. छताला लावलेले सेन्सर मी इतक्या ठिकाणी पाहिलेत की मोजणं सोडलं. (पाइपच्या नैसर्गिक गॅसला मात्र छताजवळच, कारण तो हलका.)

सिलिंडर घेताना कड्याच्या आतल्या पट्टीवरचं अक्षर वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती तारीख उलटली असेल तर सिलिंडर परत.

वीज. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि आकडा लेखी घ्या. ओल्या जागेतल्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा, त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा.

आग. तळणाच्या भट्टीजवळ तेलाच्या आगीसाठीचं वेट केमिकलचं नळकांडं हवं. बाजारात त्याला 'के टाइप' म्हणतात. नेहमीच्या पावडरच्या नळकांड्याने ज्योत विझते, पण तेल गरमच राहतं आणि पुन्हा पेटतं. पाणी तर अजिबात नाही.

## पायरी ८: फाइल आणि तारखा

प्रत्येक यंत्राला एक प्लास्टिकचं पाकीट: बिल, नेमप्लेटचा फोटो, पडताळणीचा स्क्रीनशॉट, टेस्ट रिपोर्ट, वॉरंटी. पाकिटावर मार्करने नाव.

तारखा किचनमध्ये, कॅलेंडरवर लिहा. गॅसची नळी पाच वर्षांनी, चीर दिसली तर त्याच दिवशी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा, २००६ ज्या जागांना लागू आहे, तिथे आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. इमारतीचा फॉर्म बी सोसायटीने दिला असेल तर त्यात तुमचं किचन धरलंय का, ते विचारा.

दुरुस्तीचंही पान ठेवा. थर्मोस्टॅट, गॅस व्हॉल्व्ह, मोटर किंवा प्लग बदलला की तारीख, भागाचा ब्रँड आणि मेकॅनिकचं नाव लिहा. पायरी ४ मध्ये मागून घेतलेला एफएफडी पहिल्या दुरुस्तीत 'सारखा बंद पडतो' म्हणून बायपास केला जातो, आणि मालकाला ते कधी कळतही नाही. महिन्यातून एकदा, गिऱ्हाईक नसताना, बर्नर पेटवा, दोन मिनिटांनी ज्योत फुंकून विझवा आणि गॅसचा आवाज थांबेपर्यंत सेकंद मोजा. मिनिटभरात थांबला नाही तर नॉब बंद करा, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा.